डिकीतली मेसर

आमच्या मुलीकडे तलवार आहे, हे मी अमेरिकेतल्या आमच्या चँडलर गावातल्या एकाही मराठी माणसाला सांगितलं नव्हतं. मुलगी भरतनाट्यम शिकते, व्हायोलिन शिकते, असं सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि विषय पुढे सरकतो. सोळा वर्षांची मुलगी दर शनिवारी सकाळी बागेत चार दाढीवाल्या गोऱ्यांबरोबर मध्ययुगीन युरोपातली तलवारबाजी शिकते, यावर समोरच्याने काय बोलावं? शिवाय ते दोन हजार चार साल होतं. विमानतळावर माझी बॅग दर वेळी न चुकता उघडली जायची. अशा दिवसांत आपल्या रंगाच्या माणसाने अपार्टमेंटमध्ये दोन हात लांब पोलादी पातं ठेवावं, हे मला मुळीच पसंत नव्हतं. पण मुलगी हट्टी, आणि तो हट्ट तिने माझ्याकडूनच घेतलेला, त्यामुळे माझं काही चाललं नाही.

पातं तसं सरावाचं होतं, बोथट. माझी विळी याहून धारदार आहे, असं बायको म्हणायची. तलवारीचं नाव मेसर. मी पहिल्यांदा ती हातात घेतली तेव्हा ओळखीचीच वाटली. एका बाजूला धार, दुसरी बाजू जाड आणि सपाट, टोकाकडे जरा बाक. आमच्या वडिलांचं कोल्हापूरकडच्या एका तालुक्याच्या गावी कोयत्या-विळ्यांचं दुकान होतं आणि दुकानामागे भट्टी. मी शाळेत असताना भाता ओढलाय. कोयत्याची पाठ जाड का ठेवतात हे मला कुणी शिकवावं लागत नाही. घाव बसतो तो वजनाने, आणि वजन असतं पाठीत.

त्या वर्षी तिला इतिहासाच्या वर्गासाठी मध्ययुगातल्या कुठल्याही विषयावर मोठा तक्ता करायचा होता. तिने घेतला युरोपातल्या एकधारी तलवारी आणि त्यांची नावं कुठून आली हा विषय. त्या तीन आठवड्यांइतकं आम्ही दोघं आधी कधी बोललो नव्हतो, आणि नंतरही बोललो नाही. मी कामावरून आलो की ती जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलेली असायची. मला बघून म्हणायची, "बाबा, सिट. आज फाल्शन."

फाल्शन म्हणजे रुंद पात्याची आखूड तलवार. तिचं नाव लॅटिनमधल्या विळ्याच्या शब्दावरून आलेलं. मी म्हटलं, म्हणजे आपल्या दुकानातलाच माल. मग सॅक्स. तो मुळात लांब सुराच, पण तो बाळगणाऱ्या लोकांना त्यावरूनच सॅक्सन म्हणू लागले, असं मानतात. अख्ख्या जमातीला सुऱ्याचं नाव, याचं मला फार नवल वाटलं. इटलीत एकीचं नाव नुसतं 'वाकडी'. आणि मेसर म्हणजे जर्मन भाषेत सुरी. दोन हात लांब असली तरी सुरीच.

"इट्स लिटरली कॉल्ड अ नाइफ, बाबा," ती हसून म्हणाली होती. मग तिने कारण सांगितलं. त्या काळी तलवारी घडवणाऱ्या कारागिरांचा संघ वेगळा होता आणि सुऱ्या घडवणाऱ्यांचा वेगळा. सुरीवाल्यांनी तलवारीएवढं पातं घडवलं, पण मूठ सुरीसारखी केली, दोन बाजूंना लाकडाच्या पट्ट्या रिवेटने ठोकून, आणि वर म्हणाले, ही तर सुरी. ज्यांना तलवार बाळगायची परवानगी नव्हती तेही मग ही सुरी कमरेला लावून राजरोस फिरत, असं सांगतात. यातलं किती खरं यावर तज्ज्ञांचे वाद आहेत, हेही तिने मला बजावलं. तिला अर्धवट माहिती खपत नसे.

माझी एकच भर त्या तक्त्यात पडली. डुसॅक नावाची एक आखूड, वाकडी तलवार असते, तिचं मूळ नाव चेक भाषेत तेसाक. ते तिथल्या लाकूड तासण्याच्या क्रियापदावरून आलेलं. तिने तो चेक शब्द वाचून दाखवला आणि मी खुर्चीतून उठलोच. अगं, तासणं, मी म्हटलं, सुतार लाकूड तासतो ते तासणं. तिने इंटरनेटवर शोधलं, तर खरंच दोन्ही शब्द एकाच जुन्या मुळातून निघालेले. तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की ती आठवली की आजही मला बरं वाटतं, आणि लगेच वाईटही वाटतं. तक्त्याच्या कोपऱ्यात तिने बारीक अक्षरात लिहिलं, 'सोर्स: माय डॅड'.

आमच्याकडे सण पंचांगाने येत नाहीत, वीकएंडने येतात. तेव्हा शनिवारी खंडेनवमी आणि रविवारी दसरा असं इथल्या मराठी मंडळानेच ठरवून टाकलं. शनिवारी मी पाटावर लॅपटॉप ठेवला, स्क्रूड्रायव्हरचा सेट ठेवला, बायकोने विळी आणून ठेवली. खाली जाऊन गाडीला हार घातला. वर आलो तर मुलीने मेसर आणून पाटावर आडवी ठेवली होती. मी जरा कां कू केलं. पण खरं सांगायचं तर आतून मी सुखावलो. घर सोडल्यापासून अठरा वर्षं मी प्लास्टिकच्या डब्यांची पूजा करत आलो होतो. वडील खंडेनवमीला ऐरण, घण, सांडस धुऊन पुसून मांडायचे आणि प्रत्येक पात्यावर ओल्या कुंकवाची पाच बोटं ओढायचे. मीही तशीच ओढली. हळद लावली, कुंकू चांगलं दाट कालवलं आणि मुठीपासून टोकापर्यंत पाच रेघा. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, पुसायचं नाही, हेही मीच तिला सांगितलं.

रविवारी संध्याकाळी माणसं सोनं द्यायला येणार होती. पार्किंगजवळ आपट्याच्या जातीचं एक शोभेचं झाड होतं, त्याचीच पानं आम्ही सगळे एकमेकांना द्यायचो. पाहुणे यायला अर्धा तास असताना माझं पाटाकडे लक्ष गेलं. दिवाणखान्यात पाटावर तलवार, आणि तीही लालभडक. आता हे सगळे बघणार, आठवडाभर चर्चा करणार. कपाटात ठेवावी तर पाहुण्यांची पोरं कपाटं उघडतात. मुलगी आणि बायको माझी गाडी घेऊन देवळात गेल्या होत्या. मी मेसर पिकनिकच्या चादरीत गुंडाळली आणि खाली जाऊन बायकोच्या गाडीच्या डिकीत टाकली. कुंकू पुसलं नाही, कारण पुसायचं नसतं. पाहुणे गेले की वर आणू म्हटलं. पाहुणे अकराला गेले आणि मी विसरलो. मुलीने विचारलं तेव्हा नीट ठेवली आहे म्हणालो आणि झोपायला गेलो.

सोमवारी मुलगी ती गाडी घेऊन शाळेला गेली. सोळाव्या वर्षी इथे लायसन्स मिळतं. तक्ता मागच्या सीटवर दुमडेल म्हणून बायकोने तो डिकीत, चादरीवर आडवा ठेवून दिला होता.

पुढचं मला मुलीकडून कळलं, तेही थोडं थोडं करून. शाळेच्या पार्किंगमध्ये तिने तक्ता ओढला, त्याबरोबर चादर ओढली गेली. शाळेचा सिक्युरिटी गार्ड छोट्या बॅटरीच्या गाडीतून शेजारून चालला होता. त्याला दिसलं दोन हात लांब पातं आणि त्यावर मुठीपासून टोकापर्यंत सुकून काळपट झालेल्या लाल रेघा. ॲरिझोनात ऑक्टोबरमध्येही बंद डिकीत भट्टी असते. कुंकू करपून अगदी रक्तासारखं दिसत होतं. तो तिला म्हणाला, हात वर कर आणि गाडीपासून लांब हो.

मी चिप बनवण्याच्या कारखान्यात कामाला होतो. आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवायचा, फोन बाहेर ठेवायचा. मी बाहेर आलो तेव्हा फोनवर सहा निरोप होते. दोन शाळेचे, चार बायकोचे. शेवटच्या निरोपात ती रडत होती. गाडी शाळेत अडकलेली, त्यामुळे तिला घरून हलता येईना. मी तिला फोन केला आणि म्हटलं, काळजी करू नको, मी ठेवली हे मी जाऊन सांगतो. ती एवढंच म्हणाली, "सांगा हं. पोरीला एकटी पाडू नका."

शाळेच्या पार्किंगमध्ये पोचलो आणि गाडीत बसूनच मी एका काकांना फोन लावला. हे काका तीस-पस्तीस वर्षांपूर्वी इथे आलेले इंजिनीयर, आता निवृत्त. गावातल्या निम्म्या मराठी माणसांची कागदपत्रं त्यांनी वाचून दिलेली. काहीही झालं की आम्ही आधी त्यांनाच विचारायचो, डॉक्टरलाही नंतर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की ग्रीन कार्डचा अर्ज कुठवर आलाय. मी म्हटलं, अडकलाय, पण आत आहे.

"मग तू एक शब्द बोलायचा नाहीस," काका म्हणाले. "शाळेच्या आवारात हत्यार आणलं म्हणून तुझ्यावर केस झाली, तर तुझा अर्ज गेला. तुझा गेला की तिघांचा गेला. मुलगी मायनर आहे. तिला फार तर सस्पेंड करतील. तिचं रेकॉर्ड अठराव्या वर्षी बंद होतं. तुझं होणार नाही."

काकांचं म्हणणं चूक होतं, असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. हाच तर त्रास आहे. चूक असतं तर मी त्यांच्यावर खापर फोडून मोकळा झालो असतो.

प्रिन्सिपलच्या खोलीत आम्ही चार माणसं होतो. प्रिन्सिपल, पन्नाशीच्या, थकलेल्या चेहऱ्याच्या बाई. एक पोलीस अधिकारी, हातात रबरी मोजे घातलेला. मुलगी. आणि मी, अंगावर कंपनीचा टी-शर्ट, गळ्यात बॅज. टेबलावर तपकिरी कागद अंथरून त्यावर मेसर ठेवली होती. इतक्या उजेडात ती मला फार मोठी वाटली. अधिकाऱ्याने आधी लाल रंगाचं विचारलं. मुलीने शांतपणे सांगितलं की हे हळद-कुंकू आहे, वर्षातून एकदा आम्ही हत्यारांची पूजा करतो. हत्यारांची, असं ऐकून बाईंनी भुवया उंचावल्या. मग मुलगी म्हणाली, लॅपटॉपचीही करतो. अधिकाऱ्याने मोजा घातलेलं बोट पात्यावर फिरवून वास घेतला आणि जरा सैल झाला. पातं बोथट आहे हेही त्याला कळलं होतं. पण बाई म्हणाल्या की नियमात बोथट आणि धारदार असा फरक नाही. सुरी की तलवार असाही नाही. मुलीने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं दुसरा कुठला दिवस असता तर आम्ही दोघं हसलो असतो.

मग बाईंनी विचारलं, ही गाडीत कोणी ठेवली.

त्या मुलीकडे बघून विचारत नव्हत्या. माझ्याकडेही नाही. त्या टेबलाकडे बघत होत्या, हातात पेन होतं. मला माझ्या बॅजवरचा माझा फोटो दिसत होता. काकांचा आवाज कानात होता आणि बायकोचाही. मी तोंड उघडणार, एवढ्यात मुलगी म्हणाली, "आय डिड. फॉर माय प्रॉजेक्ट."

बाईंनी ते लिहून घेतलं. अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहून विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं का. मी म्हटलं, नाही. इतक्या सहज म्हटलं की मला माझीच कमाल वाटली. मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

तिला वर्षभरासाठी शाळेतून काढलं. बाईंना स्वतःला तसं करायचं नव्हतं असं वाटलं, पण वरून नियम होता. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक शाळा होती, मारामारी किंवा गांजा यांपायी काढलेल्या मुलांची. तिथे ती जाऊ लागली. सकाळी पावणेसातची बस, दारात बॅग तपासायची, सगळ्यांनी पांढरा शर्ट घालायचा. इतिहासाचा वर्ग तिथे नव्हताच, पॅकेट भरून द्यायची असायची. मेसर पोलिसांनी ठेवून घेतली, तक्ताही तिथेच कुठेतरी राहिला. शनिवारी सकाळी ती बागेत जाईनाशी झाली. मी एकदा म्हटलं, दुसरी घेऊ या. ती म्हणाली, "इट्स ओके, बाबा." तेव्हापासून कशालाही ती इट्स ओके म्हणू लागली. पूर्वी माझ्याशी तावातावाने भांडायची ते भांडणंही संपलं. घरात शांतता नांदू लागली, आणि ती मला सहन होत नव्हती.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा बायको दारातच उभी होती. सांगितलंत का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मी तोंड उघडणार एवढ्यात ती बोलून मोकळी झाली, आणि एकदा तिने सांगितल्यावर मी वेगळं सांगणं म्हणजे दोघांनाही खोटं ठरवणं. बायकोने ऐकून घेतलं आणि कणीक मळायला गेली. तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. काकांना मी हेच सांगितलं, तर ते म्हणाले, पोर शहाणी आहे. दोन-तीन जवळच्यांना सांगितलं, तेही म्हणाले, शहाणी आहे. सांगता सांगता माझी मलाच खात्री पटली. मी बोलणारच होतो. तोंड उघडलंच होतं. पोरीने घाई केली. गाडी चालवताना, जिना चढताना, त्या पांढऱ्या पोशाखात तासन् तास यंत्रापुढे उभं राहून मी हे स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं की पुढे पुढे ती खोलीही मला तशीच दिसू लागली. प्रश्न आला आणि लगेच तिचं उत्तर आलं, मध्ये जागाच नाही.

अर्ज मंजूर व्हायला आणखी तीन वर्षं गेली. कार्डं पोस्टाने आली तेव्हा मुलगी एकोणीस वर्षांची होती आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या हॉस्टेलवर परत जाणार होती. हव्या त्या कॉलेजात तिला घेतलं नव्हतं. अर्जावर शिस्तीबद्दलचा एक प्रश्न असतो, त्याचं तिने खरं उत्तर लिहिलं होतं. खरं म्हणजे मी वदवलेलं खोटं होतं ते, पण कागदोपत्री तेच खरं.

दुपार होती. बायको लिफाफे घेऊन देवापुढे गेली होती. मुलगी तिचं कार्ड उलटंसुलटं करून बघत जेवणाच्या टेबलाशी बसली होती. तिथेच बसून ती मला नावं वाचून दाखवायची. मला एकदम भरून आलं. वाटलं, आता सगळं हाती आलंय, आता बोलायला हरकत नाही. मी तिच्यासमोर बसलो.

"त्या दिवशी मी सांगणारच होतो गं," मी म्हटलं. "तू फार घाई केलीस."

तिने मान वर केली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती चिडली नव्हती, माझी कीव करत होती.

"बाबा, मी टेनपर्यंत काउंट केलं होतं," ती म्हणाली.

मला कळलं नाही. मी विचारलं, कधी.

"प्रिन्सिपलने विचारलं ना, हू पुट इट देअर, तेव्हा. मनातल्या मनात. म्हटलं, दहापर्यंत तू बोलशील." मग जराशी थांबून म्हणाली, "मराठीत मोजलं. मला मराठीत स्लो येतात ना, सो दॅट यू'ड गेट मोअर टाइम."

 तिने कार्ड पाकिटात घातलं, माझ्या हातावर हलकेच थोपटलं आणि बॅग भरायला आत गेली.

ती गेल्यावर मी तिथेच बसून मोजून पाहिलं. तिच्यासारखं, पाच आणि सहाच्या मध्ये अडखळत, आठ आठवत नाही म्हणून पुन्हा सातवर येत. दहापर्यंत पोचलो. तेवढ्या वेळात 'मी ठेवली' हे दोन शब्द कितीतरी वेळा म्हणून होतात.